रुमाल दाखवा, मग आत या

मुंबई, ९ जानेवारी १९७८

प्रिय काशम्मा,

आशीर्वाद आहेतच, पण शिंकत असशील तर आधी वाफ घे. तुझे गुडघे कसे आहेत?

तुझे भावजी ठीक आहेत. आठवड्यातून दोनदा इस्पितळात मशीनवर रक्त शुद्ध करून घेतात आणि खोलीवर येऊन पत्ते खेळतात. मूत्रपिंडांनी राजीनामा दिला, लबाडी मात्र शाबूत आहे.

गेल्या महिन्यात आमचे दीर धोंडप्पा बार्शीहून भेटायला आले. "साधा फ्लू हाय की, वैनी!" म्हणत यांच्या गळ्यात पडले. त्यांचा फ्लू तीन दिवसांत गेला, यांना मात्र नऊ दिवस इस्पितळात ठेवावं लागलं. पुन्हा असं झालं तर डॉक्टर खात्री देत नाहीत.

तेव्हापासून मी दारात खुर्ची टाकून बसते. कॉन्व्हेंटात सिस्टर आमचे रुमाल तपासायच्या, तशी पाहुण्यांचे तपासते. ओला रुमाल दिसला की पाहुणा परत. तशी पाटीच लावली आहे. तेव्हा जीप भरून येण्याचा तुमचा बेत रद्द!

आज सकाळी मीच शिंकले. यांनी आतून कडी लावली आणि माझीच पाटी मला मोठ्याने वाचून दाखवली. चाळीस वर्षांचा सूड उगवला, काशम्मा!

फोडणीची मिरची गेली नाकात, असं मी सांगितलं आहे. अंगात कणकण आहे, ते सांगितलेलं नाही. शेजारच्या बाई यांना जेवण देतात. मी व्हरांड्यात, ते बंद खिडकीच्या आत. काचेतून आमचा डाव चालू आहे. पत्ते आतच आहेत, त्यामुळे माझी पानंही तेच टाकतात. लबाडी सरळ दिसते आहे, पण आज मी त्यांना जिंकू दिलं.

तुझी, घराबाहेर काढलेली,
अक्का