लोर्नासमोर प्रत्येक हातावर रेझ

रीनो, ३ मार्च
मेहुणी मॉरीनचा फीनिक्सहून पुन्हा फोन. घर विका, इकडेच या म्हणे. उन्हात भाजून घ्यायला! बायकोला, लोर्नाला, सांगितलं, रीनोत वाद पत्त्यांवर मिटतात. दोघांतच लिमिट पोकर, रोज नाश्त्यानंतर. माझ्या चिप्स संपल्या तर फीनिक्स, तुझ्या संपल्या तर इथेच. लोर्ना लगेच हो म्हणाली. बिचारी.

४ मार्च, सकाळ
पुस्तक वाचलं (पहिलं प्रकरण). दोघांच्या खेळात वाटणारा आधी बोलतो आणि त्याने पहिल्याच फेरीत बहुतेक हातांवर रेझ करावं, म्हणजे डाव वाढवावा. बहुतेक म्हणजे सगळ्याच. समोरचा घाबरून पत्ते टाकतो.

दुपार
टाकत नाही. लिमिटमध्ये रेझ ठरलेल्या मापाचंच. लोर्ना म्हणाली, एवढ्याशाला कोण भीक घालतं? विणता विणता तेवढ्याच चिप्स टाकून कॉल करते.

९ मार्च
नवा संकल्प. फक्त भारी पत्त्यांवर रेझ. आता मात्र घाबरली! मी रेझ केलं की लगेच पत्ते टाकते. काय दरारा! चिप्स तरीही घटतायत. नशीब, दुसरं काय.

११ मार्च
लोर्ना म्हणते, तू रेझ केलंस की राजे-राण्या आल्यात हे शेजारच्या कुत्र्यालाही कळतं. ठीक आहे. उद्यापासून गनिमी कावा.

१२ मार्च
वाटणं माझं. दोन एक्के! रेझ केलं तर पळेल, म्हणून नुसता कॉल. तिने फुकटात पुढचे, टेबलावरचे दोघांच्या सामाईक पत्ते पाहिले. दोन सत्त्या, एक दुर्री. मी चिप्स संपेपर्यंत वाढवत गेलो.

तिच्या हातात सत्ती आणि दुर्री. म्हणजे निव्वळ कचरा. पण टेबलावरच्यांशी मिळून तीन सत्त्या, दोन दुर्र्या; माझे एक्के गारद.

लोर्ना म्हणाली, अरे, सुरुवातीला एक रेझ केलं असतंस तर टाकलेच असते मी. मला तरी कुठे जायचंय फीनिक्सला? मॉरीनला तोंडावर नाही म्हणवेना, म्हणून तर पैजेला हो म्हटलं. मुद्दाम हरणं मात्र मला जमत नाही. आणि रडायलाच लागली. मलाही भरून आलं.

सापळा तसा अचूकच होता.

१५ मार्च
मॉरीनचा फोन. गॅरेजवरची खोली रंगवून तयार आहे. पत्ते आणू नका म्हणाली, आमच्या घरात जुगार चालत नाही.