नव्या सीडीतून गेलेली अक्का

रविवार, धुळे

अजून डोकं शांत होत नाही. उगाच अक्काला जळगावला नेलं. तिच्या गुरूंच्या, बुवांच्या जुन्या मैफलीची खरखर काढलेली नवी सीडी आली म्हणून बुवांचे चाहते नानांनी जुनीशी ताडून ऐकायला बोलावलं होतं. त्या मैफलीत अक्का, माझी बहीण, बुवांच्या मागे तंबोऱ्यावर होती, साथीला गायलीही होती. तिचं तेवढंच गाणं उरलंय.

जुन्या सीडीत खरखर आहे, पण अक्का आहे. बुवांचा दम संपतो तिथे तिचा सूर हळूच पुढे येतो. नव्या सीडीत त्या जागी नुसती शांतता.

"मागचा सगळा कचरा काढलाय बघा!" नाना खुशीत म्हणाले.

"नाना, तो कचरा म्हणजे अक्का आहे."

ओशाळले? छे! म्हणाले, "पण बुवा किती मोकळे वाटतात!"

"चांगलं शे," अक्का हसून आमच्या अहिराणीत म्हणाली.

त्या जागी नुसती शांतता. कुणी ठरवलं असेल हे?

येताना बसमध्ये मी धुसफुसत होतो. अक्का म्हणाली, "नानांवर कशाला चिडतोस? मैफल संपल्यावर बुवाही मला हेच म्हणाले होते, 'तुझा आवाज मधे येतो.'"

त्यानंतर अक्का कधीच का गायली नाही, ते मला आज कळलं.