सारवलेली धावपट्टी

आई, ती पट्टी तू का सारवलीस, हे मला अजून कळलेलं नाही. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, आता विचारायचं तरी कुणाला? दुष्काळात ऊसच नव्हता म्हणून सहकारी कारखाना दोन हंगाम बंद पडला होता, आणि तिथला मी फिटर घरी बसून थर्माकोलची छोटी विमानं करत होतो. गाव हसायचं. तू हसली नाहीस, पण तुला त्यातलं काय कळत होतं, तेही मला ठाऊक नाही. तालुक्याच्या एका कॉलेजात अशी विमानं करायला शिकवणारा माणूस हवा होता. उडवून दाखवील त्याला नोकरी, असं कळवलं होतं. आपल्या काळ्या रानाला तर हात हात भेगा पडलेल्या. बोटाएवढी चाकं त्यात अडकून विमान नाकावर आपटायचं. म्हणून गुंडाळून मोटारसायकलवर नेता येईल अशी धावपट्टी करायचं मी ठरवलं. वर कारखान्यातलं टाकून दिलेलं गाळणीचं जाड कापड, खाली बांबूच्या आडव्या कामट्या. त्या कामट्या बसवायचे खण तूच दाभणानं शिवलेस, चांगले पंचवीस हात. बोटं सोलून निघाली तुझी.

जायच्या दिवशी सकाळी मी पेट्रोल आणायला गेलो. परत येतो तर बोळात पट्टी पसरलेली, आणि तू गुडघ्यांवर बसून ती शेणानं सारवते आहेस. शेण गुरांच्या छावणीतून वाहून आणलेलं, पाणी टँकरच्या घागरीतलं. माझं डोकंच फिरलं.

"आई, हे काय करून ठेवलंस? प्यायला पाणी न्हाई अन् तू..."

"आरं, भुई हाय ना ती? सारवल्याबिगर भुई असती का कुठं?"

"कापड हाय ते! लई शहाणी हायेस!"

शेजारणी बघत होत्या. तू हात लुगड्याला पुसलेस आणि उठलीस.

उन्हानं तासाभरात ते वाळलं. कॉलेजच्या मैदानावर पट्टी उलगडली तर खपल्याच खपल्या. त्या झटकल्या, पण विणीत बसलेलं शेण काही निघेना. संध्याकाळी घरी आलो तेव्हा तू दारातच उभी.

"उडालं का रं?"

"न्हाई उडालं. तुझ्या शेणापायी गेली नोकरी."

तू आत गेलीस. त्यानंतर शेवटपर्यंत माझ्या वस्तूंना हात लावला नाहीस. केर काढायचीस तोही त्यांच्या भोवतीनं.

आई, विमान उडालं होतं. कोऱ्या कापडावर गावात दहादा अडखळलेलं ते तिथं सरळ धावलं आणि वर गेलं. सारवल्यामुळं की वाऱ्यामुळं, मला आजही सांगता येत नाही. पोरांनी टाळ्या वाजवल्या. नोकरी मात्र कुण्या संचालकाच्या भाच्याला आधीच ठरलेली होती. मला चहा पाजून वाटेला लावलं. त्यांना एक शब्द बोललो नाही. मग तुलाच का बोललो? तू दारात होतीस म्हणून? इतका का मी हलका होतो?

तुला वाचता येत नव्हतं, आणि हा कागदही कुठं जायचा नाही. तोंडानं सांगायला मला कितीतरी वर्षं मिळाली होती, रोज समोर ताट वाढायचीस. सांगितलं असतं तर तू "जाऊ दे रं" म्हणाली असतीस, हे मला पक्कं माहीत होतं. तेच ऐकायची मला भीती वाटायची.