बाबांच्या गाडीला पॉवर ब्रेक

३ फेब्रुवारी
बाबांनी आज त्यांची जुनी आठ सिलिंडरची गाडी फाटकाच्या खांबावर घातली! पुढचा दिवा फुटला. आईचा फोन आला म्हणून काम टाकून माहेरी पळाले. बाबा म्हणाले, "पेडल दगडासारखं लागतं. गुडघ्यात जोरच उरला नाही." ऑपरेशनला चारच महिने झालेत. आई म्हणाली, "विकून टाका ते धूड!" बाबांनी किल्ली मुठीत धरली. जन्मभर बस चालवलेला माणूस. त्याच्या हातून किल्ली काढून घेतलेली मला नाही बघवणार. आईला म्हटलं, महिनाभर थांब, पेडल हलकं करणारा पॉवर ब्रेक बसवते. नाही जमलं तर वीक.

बोलून तर बसले! मी फ्रिज दुरुस्त करणारी. गाडीतलं मला काय कळतं?

४ फेब्रुवारी
कळलं की! बाबांची गाडी दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीकाकांनी दाखवलं. पेडलच्या पुढे एक पत्र्याचा डबा बसवायचा – बूस्टर. आत रबरी पडदा. इंजिन डब्यातली हवा ओढून घेतं. पेडल दाबलं की पडद्याच्या एका बाजूला बाहेरची हवा शिरते आणि त्याला ढकलते. म्हणजे पायाला मदत करते ती साधी हवा! रोज व्हॅक्यूम पंप घेऊन फिरते मी, आणि हे माहीत नव्हतं. जेवताना आईला वाटी उपडी घालून समजावलं. "आधी जेव," म्हणाली.

५ फेब्रुवारी
काका म्हणाले, "ताई, आधी इंजिनाची ओढ मोजा. पाऱ्याच्या हिशेबात निदान सोळा इंच हवी." फ्रिजच्या कामातला माझाच व्हॅक्यूम गेज लावला. बाबा आत बसले. सतरा! बूस्टर मागवला.

१२ फेब्रुवारी
दिवसभर गाडीत डोकं खुपसून. बूस्टर बसला. पहिला दाब मऊ. दुसरा – दगड! आधीपेक्षा वाईट. चांगलीच तोंडावर आपटले. आई खिडकीतून बघत होती. तेच जास्त लागलं.

१३ फेब्रुवारी
सापडलं! पुन्हा मोजलं. गाडी उभी, ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसतं चालू – आठ. फक्त आठ! मग त्या दिवशी सतरा कुठून आले? बाबांकडे बघितलं तर चोरासारखे हसतायत. मी गेजला डोळे लावून होते, आणि हे आत ॲक्सिलरेटर दाबून आवाज ऐकत बसले होते! इंजिन पळवलं की ओढ वाढते. पण ब्रेक मारताना ॲक्सिलरेटर कोण दाबतं? चूक माझीच. दार उघडं ठेवून फ्रिजची थंडी मोजली तर मी गिऱ्हाइकाला हसते.

काका म्हणाले, "यांनी रेसचा कॅमशाफ्ट टाकलाय, झडपा उघडणारा दांडा. जोर मिळतो, ओढ जाते. साधा टाकून देतो." बाबा एकदम, "मग आवाज जाईल!" आठ सिलिंडर अडखळत धडधडतात तो आवाज. आई म्हणते, गाडीला दमा आहे. नको, कॅमशाफ्टला हात लावायचा नाही.

१५ फेब्रुवारी
ओढ साठवायला रिकामी टाकी जोडली. दोन दाब छान. तिसरा दगड.

१६ फेब्रुवारी
ओढ इंजिनाकडेच का मागायची? फ्रिजच्या नळ्या रिकाम्या करायला मी काय इंजिन लावते? काकांना विचारलं. म्हणाले, "मिळतो की! विजेवरचा छोटा पंप. ओढ कमी झाली की आपोआप सुरू, भरली की बंद." मग आधी का नाही सांगितलंत? "तुम्ही विचारलंच नाही, ताई."

२१ फेब्रुवारी
पंप बसला, गेज वीसवर! दहा वेळा दाबलं, दहाही वेळा मऊ. आवाज तोच, दम्याचा. आईला बसवलं. तिने चपलेच्या टोकाने पेडल दाबलं – "इतकंच होय?" मला चक्क रडू आलं. बाबांनी पाठ थोपटली, पण नजर चुकवून.

२२ फेब्रुवारी
आज बाबांनी चालवली. मी शेजारी, सगळं लक्ष ब्रेककडे. जागच्या जागी थांबते गाडी! मग डावीकडून एक सायकलवाली बाई आली – आणि बाबा सरळच! मी किंचाळले तेव्हा त्यांनी ब्रेक दाबला. हातभर अंतर राहिलं.

"बाबा, दिसली नाही?"

इंजिन बंद केलं त्यांनी. "डावीकडचं वर्षभर दिसत नाही मला. तो खांबही दिसला नव्हता. ब्रेकपायी तू रोज घरी यायला लागलीस. मग सांगवेना."

परत येताना गाडी मी चालवली.