आचाऱ्याच्या डोक्यावर फेटा

मंगळवार पेठ, कोल्हापूर
४ फेब्रुवारी २०२४

ती. सौ. क्रांतीआक्कास,
विजयसिंहचा सा. न. वि. वि.

फोन केला की दाजी स्पीकरवर टाकतात आणि निम्मं मलकापूर ऐकतं, म्हणून हे पत्र. मी लग्नात फेटे बांधायचं काम धरलंय. पतसंस्थेतली नोकरी आहेच, हे फक्त सुट्टीच्या दिवशी. आजवर शिवजयंतीला अख्ख्या गल्लीला हौसेनं फुकट बांधत होतो. तुझी भावजय म्हणाली की हौसेनं पोट भरत नसेल, तर निदान किराणा तरी भरू दे. म्हणून आता डोक्यामागे पैसे घेतो. येत्या रविवारी कुरुंदवाडच्या लग्नाची सुपारी आहे.

वर्षाराणीला पाहून गेलेल्यांचा काही निरोप आला का? भाचीचा मामा म्हणून मलाही घोर लागलाय.

राग आला तरी लोभात काटछाट करू नये.
तुझा, विजयसिंह

मलकापूर
७ फेब्रुवारी २०२४

चि. विजयसिंहास,
आक्काचे अनेक आशीर्वाद.

अरे, आपल्या घरातली माणसं फेटा बांधून घेणारी. तू लोकांच्या डोक्यांना हात लावत हिंडणार? आणि गाव सापडलं तेही कुरुंदवाड! आपल्याकडे पाहायला आलेल्या सम्राटचे वडील गुंडूराव तिथलेच. रविवारचं लग्न त्यांच्या सख्ख्या भाच्याचं आहे. पाहण्याच्या दिवशी त्यांनी तुला चांगलं बघितलंय. मुलीचा मामा पैसे घेऊन फेटे बांधतो हे कळलं, तर होकार कसला येतोय! आपली पोरगी त्या मुलावर जीव टाकून बसलीय, जेवताना फोन ताटाशेजारी ठेवते. एवढं एक लग्न सोड बाबा. दाजींना मी यातलं काही बोललेली नाही.

ऐकशील अशी आशा, न ऐकलंस तरी आशीर्वाद परत घेत नाही.
तुझी, आक्का

कोल्हापूर
१२ फेब्रुवारी २०२४

ती. सौ. आक्कास,
सा. न.

दिलेला शब्द मोडवला नाही. काळा गॉगल लावला, स्वतःचा फेटा भुवयांपर्यंत ओढला आणि गेलो. डोक्यामागे पैसे, म्हणून खुर्चीत जो बसेल त्याला बांधत सुटलो. हलगीवाले बसले, व्हिडिओवाला बसला, भट्टी सोडून आचारीही येऊन बसला. त्याचा तुरा तर असा उभा राहिला की दोघं-तिघं पावणं त्याच्याच पाया पडले. गुंडूराव उशिरा आले, तोवर कापड संपलं. नवरदेवाचा मामा बोडका आणि आचारी तुऱ्यात! गुंडूराव तडक गाडीत जाऊन बसले आणि काच वर केली. अक्षता खोळंबल्या, नवरदेवाची आई रडायला लागली.

मग मी माझ्या डोक्यावरचा फेटा सोडला आणि गाडीत शिरून त्यांना बांधू लागलो. गॉगलमधून कापडाच्या निऱ्या दिसेनात, तो काढावा लागला. त्यांनी लगेच ओळखलं. "तुम्ही मलकापूरच्या पोरीचं मामा न्हवं?" म्हणाले. मी व्हय म्हणालो. त्यांनी गाडीचा आरसा आपल्याकडं वळवला. आरशात बराच वेळ बघितलं, उतरले, आणि लग्न लागलं.

पोरीचं स्थळ माझ्या हावेपायी गेलं, आक्का. फार वाईट वाटतंय. तिला काय तोंड दाखवू?

लोभ मागायचं तोंड नाही, तरी मागतो.
तुझा, विजयसिंह

मलकापूर
१९ फेब्रुवारी २०२४

चि. विजयसिंहास,
अनेक आशीर्वाद.

काल गुंडूराव सहकुटुंब आले, तुझा फेटा डोक्यावर घालून! तो अजून सोडलेलाच नाही, घडी मोडू नये म्हणून रोज कळशीवर ठेवतात म्हणे. दाजींनी कुणी बांधला म्हणून विचारलं आणि माझा जीव खाली-वर झाला. गुंडूरावांनी सगळं सांगितलं. म्हणाले, "आम्ही रुसून लगीन अडवलं, आणि तुमच्या मेव्हण्यानं सवताचं डोस्कं उघडं करून आमची लाज राखली. असल्या घरातली पोरगी सोडतोय व्हय?" दाजींना इतकं हसू आलं की चहाचा ठसका लागला. वर्षाराणी मात्र आत जाऊन रडली, आनंदानंच. मलाही भरून आलं. तुझी मला लाज वाटली होती, आता अभिमान वाटतो.

लग्न वैशाखात. फेटे तूच बांधायचेस, आणि मानाची माणसं आधी.

एक खासगी. विहीणबाई म्हणे लग्नात फेटा बांधून मिरवणार आहेत. मग वधूच्या आईनं नुसता पदर घेऊन उभं राहायचं का? मलाही बांध, पण त्यांच्यापेक्षा चार बोटं उंच. सख्खी बहीण म्हणून संकोच करू नकोस, पैसे दुप्पट घे.

लोभ फेट्याइतकाच ताठ राहो.
तुझी, आक्का