एक वाव अंतर

श्रीवर्धन, १२ जुलै

प्रिय सादिया,

तुझा तीन ओळींचा प्रश्न मोबाइलवर आला आणि त्याचं उत्तर मी पोस्टाने पाठवतो आहे. मोबाइलवर लांब लिहिलं की तू नुसता अंगठा दाखवतेस. पत्राला अंगठा दाखवायची सोय अजून निघालेली नाही. नवशिक्यांचा कॅमेरा घेतलास, त्याच्यासोबत आलेल्या झूम लेन्सला वर्षभरात कंटाळलीस, आता पहिली प्राइम लेन्स घ्यायची. पस्तीस मिलिमीटरची घेऊ, पन्नास की पंच्याऐंशी? इथवर ठीक. पण खाली, जाता जाता लिहावं तसं: 'सर, लांबून काढता येईल अशीच सांगा. माणसांना कळू नये.' या ओळीकडे मी नंतर येतो. संस्कृतच्या पेपरातही तुझी चूक शेवटच्या ओळीतच असायची. सातही विभक्त्या घडाघडा, आणि संबोधन गाळलेलं. बोर्लीची मुलगी तालुक्यात संस्कृतात पहिली येते आणि हाक मारायची तेवढी विसरते, हे मला कधी उलगडलं नाही.

आधी माझी फजिती ऐक. पंधरा वर्षांपूर्वी मीही असाच भाळलो होतो. पंच्याऐंशीने मागचं सगळं कसं मऊ, धूसर होतं, आणि माणूस तेवढा उठून दिसतो, असं कुणीतरी सांगितलं. घेतली. पहिल्याच रविवारी आमच्या मृणालला सुपारीच्या वाडीत उभं केलं. ती चौकटीत मावेना. नाक मावलं, नथ मावली, बाई मावेना. 'मागे सरा,' म्हणाली, सरलो. 'अजून थोडे,' म्हणाली, आणि मी पाटात बसलो. कॅमेरा तेवढा वर धरलेला, बाकी सगळा मास्तर पाण्यात. वाडी शिंपायला पाणी नुकतंच सोडलंय हे तिला माहीत होतं, असा माझा आजही संशय आहे. ती लेन्स वाईट नव्हे. पण ती माणसाला आधी लांब जायला सांगते, आणि आपल्याकडच्या पडव्या, ओट्या, स्वयंपाकघरं लांब जाऊ देत नाहीत. त्यात तुझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान. त्यावर पन्नाससुद्धा पंचाहत्तरीचा आव आणते. पस्तीस मात्र साधारण आपल्या डोळ्यासारखं बघते. प्राइमला झूम नाही, म्हणजे जवळ जायचं तर आपल्याच पायांनी. आळशी माणसाला हा तोटा वाटतो. मला वाटला होता.

आता ती शेवटची ओळ. त्या फोटोबद्दल आपण दोघं दोन वर्षं बोललो नाही, तेव्हा मीच बोलतो. वयाचा एवढा तरी उपयोग असावा. आपल्या भागात कुवेतहून परतलेला माणूस 'परत आलो' म्हणत नाही, 'सुट्टीवर आलोय' म्हणतो. सुट्टी वर्षभर लांबली तरी कुणी त्याला कॅलेंडर दाखवत नाही. ही गावाची सभ्यता आहे, आणि ती कुठल्या पुस्तकात लिहिलेली नाही. तुझ्या अब्बांचीही सुट्टी चालू होती. त्या सकाळी तू धक्क्याच्या दुसऱ्या टोकावरून मोबाइलने त्यांना टिपलंस: डोक्यावर बोंबलांची टोपली, लुंगी खोचलेली, कुणाच्या तरी विनोदावर हसताना. स्टेटसला लावून खाली लिहिलंस, 'माझे अब्बा'. अभिमानानेच लिहिलंस, हे मी कुठेही शपथेवर सांगेन. फोटो दुपारपर्यंत कुवेतच्या खोल्यांमधून फिरून बोर्लीत परत आला, आणि संध्याकाळी दुकानात कुणीतरी विचारलं, 'काय हमीदभाई, सुट्टी संपली वाटतं?' तू फोटो काढून टाकलास. मग तू वाशीला नोकरी धरलीस. तेव्हापासून तू सीगल काढतेस, जहाजं काढतेस, पाठमोरी माणसं काढतेस. सीगल उत्तम आहेत, एक मी वर्गात लावलाय. पण चूक तुझ्या नजरेची नव्हती, सादिया. विचारायचं राहिलं, एवढीच होती. त्यावर लांबची लेन्स हा उपाय नाही. ती तर न विचारण्याचीच सोय आहे.

इथलं म्हणशील तर तुझी अम्मी, म्हणजे आमच्या खतिजाभाभी, बऱ्या आहेत. गुडघा कुरकुरतो, त्या मात्र नाहीत. तुझ्या अब्बांनी एक जुनी होडी घेतली आहे. सध्या ती झापाखाली उपडी आहे आणि ते रोज तिला तेल लावत बसतात. येणारा-जाणारा विचारतो, 'हमीदभाई, कधी जाणार परत?' तर हात न थांबवता म्हणतात, 'जानार ना. बंदी उठली का समुद्रात.' विचारणाराच गडबडतो. मी दोनदा ऐकलं, आणि दोन्ही वेळा मला वर्गात पहिल्या बाकावर शिट्टी ऐकू यावी तसं झालं. रागवावं की दाद द्यावी, कळेना.

गेल्या रविवारी ते माझ्याकडे आले. चहा झाला, दुसरा झाला. मग बशीकडे बघत म्हणाले, 'सर, तिला इचारा, माजा फोटो काडल का? होडीत बसलेला. मी लिवलं तर तिला हुकूम वाटंल, तुमी लिवा.' मी म्हटलं, लिहितो, पण लेन्स कुठली हे अंतरावर ठरतं. होडीत तुम्ही कुठे बसणार, ती कुठे? ते उठले आणि मला घेऊन थेट झापाखाली गेले. होडी उताणी केली, ते सुकाणूच्या बाजूच्या फळीवर बसले, समोरच्या फळीकडे एकदा बघितलं, मग दोन्ही हात पसरून होडीच्या काठाला लावले आणि कोळी मोजतात तसं मोजलं. 'एक वाव हाय,' म्हणाले. मोजून झालं तरी हात जरा वेळ तसेच होते. तेव्हा पस्तीसच घे. एवढ्या अंतरावर पंच्याऐंशीत त्यांची नुसती दाढी येईल. पस्तीसमध्ये चेहरा येईल, दोन्ही हात येतील, सुकाणूही. आणि मागे सरायला तिथे पाट नाही, समुद्र आहे. एक ऑगस्टला मासेमारीची बंदी उठते, होडी पाण्यात जाते. आदल्या दिवशी ये. धक्क्यावर पोचलीस की कॅमेरा पिशवीतच राहू दे. आधी हाक मार.

तुझाच,
दिवेकर सर