चौक राहू दिला

धुळे, ९ जून १९८९

सौ. शेवंता हिला कौतिककडून खूप आठवण.

मी बरा आहे. खाणावळीत वेळेवर जेवतो, काळजी करू नकोस. आईंचा गुडघा कसा आहे? भडगावला पाऊस झाला का? तू नीट जेवतेस ना?

इथे कमी पगाराच्या लोकांसाठी तीन मजली इमारत होणार आहे. तिचा नकाशा मीच काढला. गच्चीला पांढरा चुना, पावसाचं पाणी विहिरीत सोडायचं, आणि मधोमध वरपर्यंत उघडा चौक, म्हणजे प्रत्येक घरात वारा खेळेल.

काल मोठे साहेब म्हणाले, "चौकात जागा फुकट जातेय. तिथे आणखी घरं बसव."

मी म्हटलं, "साहेब, मागच्या महिन्यात पत्र्याच्या खोलीत उन्हानं माझी मुलगी गेली. पाच महिन्यांची होती."

माझा आवाजही कापला नाही. दुसऱ्या कुणाचं तरी सांगतोय असं वाटलं. साहेबांनी नकाशा पुन्हा पुढे ओढला. मग "राहू दे चौक" म्हणाले आणि सही केली. ऑफिसातल्यांनी माझा हात हातात घेतला. मला बरं वाटलं नाही, वाईटही नाही. अजून रडूही आलेलं नाही. तुला येतं का?

जाताना साहेबांनी विचारलं, "तुला हवंय का त्यात घर?" बायकोला विचारून सांगतो, म्हटलं.

तू हो म्हण किंवा नाही म्हण. पण दोन ओळी लिही. माहेरी गेल्यापासून तुझं एकही पत्र नाही.

आबांना, आईंना नमस्कार.

तुझा,
कौतिक